पान्याच्या नावावर

पिंपळे सौदागर,
१० नोव्हेंबर २०२५

नीलावन्सं, नमस्कार.

कुत्र्याचं विचारायला लिहिते आहे. दुसरं काही नाही. तुमच्या देवरुखच्या अंगणात कायम एखादं कुत्रं असायचं आणि एकानेही कधी घरात घाण केलेली मी पाहिली नाही, म्हणून विचारते. जुन्या विषयात मी शिरत नाही, तुम्हीही शिरू नका. आईंच्या तेराव्याला तुम्ही बहीणभाऊ एकमेकांना जे बोललात त्याला आता चार वर्षं झाली.

तर आमच्याकडे पिल्लू आलंय, आणि ते आणलं कुणी, तर तुमच्या दादांनी. ज्या माणसाने आमच्या क्षितिजला लहानपणी काचेतले मासेसुद्धा पाळू दिले नाहीत! स्कूटर आता झेपत नाही म्हणून द्यायला तळवड्याला करीमभाईंच्या गॅरेजवर गेले होते. चाकणच्या कंपनीत होते तेव्हापासून ह्यांची गाडी करीमभाईच बघतात. गॅरेजमधल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. नजमाभाभी त्यांना दुधात भाकरी कुस्करून घालतात, पण वर घरात नमाजाची जागा, तिथे कुत्रं चालत नाही. म्हणून सगळा गोतावळा खाली टायरांत. हे रिक्षात बसले तेव्हा करीमभाई म्हणाले, "भाऊ, गाडी ठेवून रिकाम्या हाताने चाललात, मला कसंतरी वाटतंय," आणि एक पिल्लू ह्यांच्या मांडीवर ठेवून दिलं. घरी आले ते पँट ओली करूनच. "पिल्लाने वाटेतच प्रताप केला," म्हणाले. मला वाटलं आता परत धाडतील, तर नाही. ठेवून घेतलं.

तपकिरी आहे, कपाळावर पांढरा टिळा. करीमभाईंचा पाना तोंडात धरून पळायचं, म्हणून त्यांच्या मुलीने, मंतशाने, नाव ठेवलं पान्या. तेच चालू आहे.

आता अडचण सांगते. बाल्कनीत करतो, स्वयंपाकघराच्या दारात करतो, हॉलमध्ये तर आहेच. पेपर पसरले तर पेपर फाडतो आणि शेजारी जाऊन करतो. खाली न्यायचं काम ह्यांनी अंगावर घेतलंय. तासा-दोन तासाला निघतात, मला नेऊ देत नाहीत. जातात ते बराच वेळ येतही नाहीत. तरी घरात ओलं असतंच. नवीन वर्षात सूनबाई पूनमची रजा संपणार, मग आमची नात रेवती दिवसभर आमच्याकडे असेल. ती रांगते. अशा फरशीवर तिला सोडायची कशी?

फोन केला असता, पण ह्या घरात एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. व्हॉट्सॲपवरचे माझे मेसेज हे चष्मा लावून मोठ्याने वाचतात. म्हणून पत्र. उत्तर द्यायचं झालं तर समोरच्या श्रद्धाच्या पत्त्यावर द्या, खाली लिहिलाय.

तुमची वहिनी,
शैला


२७ नोव्हेंबर २०२५

नीलावन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. 'खुशाल आहे' एवढंही लिहिलं नाहीत, सरळ कामाचं. पण लिहिलंत हेच खूप झालं.

सांगितलंत तसं सगळं केलं. फिनेल बंद केलं, ओली जागा पाण्यात व्हिनेगर घालून पुसते. झोपून उठला की खाली, खाल्लं की खाली, खेळून दमला की खाली. खाली केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि चण्याएवढा पनीरचा तुकडा. मारायचं नाही, नाक घासायचं नाही. ह्यांनाही हे सगळं पटलं. कंपनीच्या क्वालिटी खात्यात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "बरोबर आहे, चूक झाल्यावर ओरडून उपयोग नाही, ती होण्याआधी पकडली पाहिजे."

आणि वन्सं, पोरगं हुशार निघालं! हल्ली दारापाशी जाऊन बसतो आणि माझ्याकडे बघून नाकातून सूर काढतो. परवा लिफ्ट बंद होती, सहा मजले ह्यांनी त्याला कडेवर घेऊन उतरवलं, त्याने दम धरला आणि खाली जाऊन गुलमोहराखाली मोकळा झाला. सोसायटीत एकजण पान्या लिफ्ट घाण करेल म्हणून आम्हाला बोलायला टपलेले असतात, त्यांचं तोंड आपोआप बंद झालं.

तरी एक कोडं आहे. बाल्कनी कोरडी, स्वयंपाकघर कोरडं, हॉलही बहुतेक कोरडा. पण ह्यांच्या खुर्चीची उशी ओली असते. कधी पलंगावर ह्यांच्या बाजूची गादी. पिल्लं असं एखादी जागा धरून बसतात का? ह्यांचा वास आवडतो म्हणून असेल का? काही उपाय असेल तर कळवा.

शैला


९ डिसेंबर २०२५

नीलावन्सं,

तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. 'एवढंसं पिल्लू पलंगावर चढतं कसं, वहिनी? दादाला काय झालंय ते सांगा, माझा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेलाय.'

ते कार्ड हातात घेऊन मी श्रद्धाच्याच सोफ्यावर बसून राहिले. तिने चहा केला.

सांगते. गणपती झाल्यावर ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं. ऑपरेशन नीट झालं, तो प्रश्न नाही. पण तेव्हापासून ताबा राहत नाही. खोकला आला, पटकन उठले, पाण्याचा नळ सोडला, की झालंच. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं, तर फोनवरच 'सगळं उत्तम आहे' म्हणाले आणि गेलेच नाहीत. क्षितिजला तर काहीच माहीत नाही.

मला पहिल्यापासून माहीत आहे. गादी मीच उन्हात टाकते ना. तुम्हाला कोडं म्हणून लिहिलं ते खरं तर तुम्ही ओळखावं म्हणूनच लिहिलं असेल, कुणास ठाऊक. मला माहीत आहे हे ह्यांनाही माहीत असणार. पण पान्या आल्यापासून आमची दोघांची सोय झाली. ओलं दिसलं की मी म्हणते, "पान्या, अरे परत?" हे म्हणतात, "ह्या गाढवाला कधी अक्कल येणार!" तो बिचारा शेपूट हलवत दोघांकडे बघतो. मग मी पुसते. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, आणि हे एक वाक्य आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही.

खाली बराच वेळ का लागतो तेही कळलं. वॉचमनच्या केबिनमागे बाथरूम आहे. दर फेरीला आधी पान्या, मग हे. घरातल्या बाथरूममध्ये सारखं गेलं तर मी मोजेन अशी भीती असणार.

हे सगळं ज्यांना सांगू नये अशा जगात एकच तुम्ही, आणि मी तुम्हालाच सांगते आहे. आईंचं असंच व्हायला लागलं तेव्हा ह्यांनी हात वर केले होते. "मला हे जमणार नाही, नीला नर्स आहे, ती बघेल," म्हणाले आणि आईंना देवरुखला सोडून आले. दोन वर्षं तुम्ही एकटीने केलंत. तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दादा, तू आईला धुण्याच्या बोचक्यासारखी माझ्याकडे टाकलीस." आणि हे पानावरून उठून निघून आले. तुमचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. बोलले मात्र नाही.

आता हसायचं असेल तर हसा. पण काय करायचं ते सांगा.

शैला


१५ डिसेंबर २०२५

नीलावन्सं,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. काल रविवारी जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पोळ्या लाटता येणार नाहीत.

क्षितिज, पूनम आणि रेवती मारुंजीहून सकाळीच आले. पूनमने बाळाच्या वस्तू आणल्या होत्या, आता हळूहळू इथे आणून ठेवायच्या म्हणून. जेवणं झाली. हे दिवाणावर बसले होते, रेवती त्यांच्या पायाशी खेळत होती. तिने टेकू धरून उभं राहायचा प्रयत्न केला, कलंडली, आणि ह्यांनी झटकन वाकून तिला धरलं. तिला काही लागलं नाही. हे उठून आत गेले. मी भांडी घासत होते. क्षितिजचा आवाज आला, "आई, हे बघ!"

दिवाणाची गादी ओली, आणि रेवतीने हात टेकलेला नेमका तिथेच. पूनमने तिला उचललं आणि हात धुवायला नेलं. क्षितिजचं डोकं फिरलं. "बस झालं आता. आई, मी तुला आधीच म्हणत होतो. उद्या बाळ इथे राहणार आणि हे असं? आजच्या आज करीमचाचांकडे परत सोडून येतो." पान्या बाल्कनीच्या दारात चपलेवर डोकं ठेवून झोपला होता. क्षितिजने त्याला मानगुटीला धरून ओढत आणलं, गादीपाशी नाक दाबलं आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीने दिली एक ठेवून. लागण्यापेक्षा घाबरूनच पिल्लू असं ओरडलं वन्सं, की बाळ आतून रडायला लागलं.

मी "अरे, अरे" करत राहिले. मला बोलता आलं असतं. पण बोलले असते तर ह्यांचं उघडं पडलं असतं, आणि ते माझ्या तोंडून पडू नये असं वाटलं. पान्याची बाजू घ्यायची की ह्यांची, हेच कळेना.

हे पायजमा बदलून बाहेर आले. दारातच थांबले.

"मारू नकोस त्याला."

"बाबा, लाडावून ठेवलंय तुम्ही. दीड महिना झाला, अजून..."

"त्याने नाही केलं."

"मग कुणी केलं?"

हे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली नाही, एवढंच केलं. मग म्हणाले, "मी केलं. आजचंही मीच, आणि खुर्चीवरचं, पलंगावरचं पण मीच. तो शिकून केव्हाच मोकळा झालाय. मलाच जमत नाहीये." पान्याकडे बघून म्हणाले, "तळवड्याहून आलो तेव्हा रिक्षातही तो नव्हता. सोड त्याला."

क्षितिजच्या हातातून पिल्लू सुटलं ते सरळ ह्यांच्या पायात जाऊन बसलं. क्षितिज नुसता उभा. मला वाटलं हे आता खोलीत जाऊन दार लावतील आणि मग कधीच कुणाशी बोलणार नाहीत.

तेवढ्यात पूनम बाळाला घेऊन बाहेर आली. तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मला पण होत होतं."

हे म्हणाले, "काय?"

"रेवती झाल्यावर. शिंकले तरी व्हायचं, हसले तरी व्हायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये झालं तर काय, म्हणून मी रजा वाढवून घेतली होती. घरात सांगितलं की थकवा आहे." तिचे कान लाल झाले होते, पण थांबली नाही. "मग आमच्या डॉक्टरबाईंनी फिजिओकडे पाठवलं. व्यायाम असतात त्याचे. मी अजून करते. बऱ्यापैकी गेलं. बाबा, तुम्ही डॉक्टरांना सांगितलं का?"

"नाही."

"उद्या जाऊ या. मी येते."

क्षितिज तिच्याकडे बघत म्हणाला, "पूनम, मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "बाबांनी तरी कुठे सांगितलं आईंना?" आणि मला काय झालं कोण जाणे, हसायला आलं. जोरात. मग पूनम हसली. मग हे. तुमच्या दादांना किती दिवसांनी असं हसताना पाहिलं. हसता हसता कमरेला हात लावून म्हणाले, "थांबा, थांबा, हसवू नका," आणि बाथरूमकडे पळाले. वेळेवर पोहोचले. आतून ओरडून सांगितलं, "पोहोचलो!"

क्षितिजने पान्यापुढे बसून त्याच्या कानामागे खाजवत "सॉरी, भावा" म्हटलं. पिल्लाने त्याचा हात चाटला. कुत्र्याची जात, राग धरता येत नाही.

आज सकाळी हे आणि पूनम डॉक्टरांकडे गेले. मला म्हणाले, "तू थांब पान्याजवळ." मी थांबले. गॅलरीत उभी राहून बघत होते. दोघं गेटपर्यंत काहीतरी बोलत चालले होते. सासरा-सून असं बोलताना मी आमच्या घरात तरी पाहिलेलं नाही.

शैला


८ जानेवारी २०२६

नीलावन्सं,

तुमचं लांबलचक पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, समासातसुद्धा. हसला नाहीत. तुम्ही हसणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं.

आधी तब्येतीचं. डॉक्टर म्हणाले की ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं, काही महिने जातात, आणि तपासायला आला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही लिहिलंत तेच. फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वप्नाली नावाची मुलगी आहे. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे, धरून ठेवायचे, सोडायचे. हे टीव्हीसमोर बसून करतात. बातम्या चालू असताना मध्येच चेहरा गंभीर झाला आणि श्वास रोखला की मी ओळखते, बातमीमुळे नाही. चहा कमी केलाय. पूनमने पॅड आणून कपाटात ह्यांच्या बनियनांशेजारी ठेवले, बोलली काही नाही. आधी आठवडाभर हे त्या कपाटाकडे बघायचेच नाहीत. मग एक दिवस वापरले. आता निर्धास्त खाली फिरायला जातात. फरक खूप आहे वन्सं. सगळं गेलं असं नाही म्हणणार. पण गादी उन्हात टाकायची वेळ क्वचितच येते, आणि आली तर तेच टाकतात.

रेवती सोमवारपासून आमच्याकडे असते. पान्या तिच्या मागे आणि ती पान्याच्या मागे, अख्ख्या घरात रांगत. फरशी कोरडी. अधूनमधून ओली झाली तर ती रेवतीची, आणि त्यावर कुणी ओरडत नाही.

आता खरं सांगायचं ते. तुमचं पत्र श्रद्धाच्या मुलाने चुकून ह्यांच्याच हातात दिलं. अक्षर ओळखलं. उघडलं नाही. मला आणून दिलं आणि म्हणाले, "कधीपासून लिहितेस?" मी म्हटलं, "पान्या आल्यापासून." मला वाटलं चिडतील. खुर्चीत बसले.

मग म्हणाले, "आईने एकदा ओलं लुगडं गादीखाली लपवलं होतं. मला वास आला, मी काढलं आणि तिच्यासमोर धरून ओरडलो. ती म्हणाली, 'मी मुद्दाम करत नाही रे बाळा.' मी म्हटलं, मग कोण करतं?" मग म्हणाले, "मी पायजमे पान्याच्या गोधडीखाली लपवत होतो, शैला. तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "हो. मीच धुत होते."

"ओरडली का नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम करत नव्हतात."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "हे नीलाला लिही. मी ओरडलो होतो ते लिही. मी आईला सोडून आलो त्यावर ती बोलली, पण हे तिला माहीत नसेल. तिला माहीत असायला पाहिजे."

म्हणून लिहिलं. तुम्हाला राग आला तर येऊ द्या. त्यांनीच सांगितलंय.

शैला


३ फेब्रुवारी २०२६

नीलावन्सं,

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी रेवतीला भरवत होते. ह्यांनी उचलला. नाव दिसलं असणारच, तरी उचलला. मग बाल्कनीत गेले आणि काचेचं दार लावून घेतलं. मला फक्त पाठ दिसत होती. मध्ये एकदा भिंतीला टेकले. पान्या दाराला नाक लावून बाल्कनीत जायला बघत होता, त्याला मी धरून ठेवला. बऱ्याच वेळाने आत आले, डोळे सुजलेले, आणि म्हणाले, "नीला येतेय." मग म्हणाले, "आई म्हणे तिला माझ्याबद्दल सांगायची, की घाण बघून त्याला ओकारी येते, लहानपणापासूनच तसा आहे, त्याच्यावर रागावू नकोस. नीलाने हे आज सांगितलं मला." आणि हात धुऊन जेवायला बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बाकी काय बोललात ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगू नका. ते तुमचं दोघांचं.

आता कामाचं. रेवती झोपते त्या खोलीत तुमची सोय केली आहे. गरम पाण्याची पिशवी आहे, आणू नका. काजूगर मिळाले तर आणा, पूनमला उसळ फार आवडते. चपला मात्र दारात काढू नका, वरच्या फळीवर ठेवा. शू-शीचं पान्या सगळं शिकला, चपलांचं अजून शिकायचंय.

शनिवारी तुमची एसटी वल्लभनगर स्टँडला येईल. मी म्हटलं, क्षितिज गाडी घेऊन जाईल. हे म्हणाले, "कशाला? मी जातो रिक्षाने." मी विचारलं, "पान्याला नेणार?" तर म्हणाले, "त्याला कशाला? एकटा जातो. तिथे थांबावं लागलं तर थांबेन, स्टँडवर सगळी सोय असते." इतकं सहज म्हणाले की मला स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसावं लागलं.

गाडी वेळेआधीच पोहोचली तरी हे तिथे असतील, मला खात्री आहे. पण तुम्हाला भाऊ माहीत आहे. पुढे येणार नाहीत. लांब कुठेतरी खांबाशी उभे राहून गाड्यांचे बोर्ड वाचत असल्यासारखं करतील. तेव्हा उतरलात की बॅग खाली ठेवा आणि तुम्हीच हाक मारा. दुसरं काही बोलू नका. नुसतं 'दादा' म्हणा.

वाट बघते.
शैला